विश्वाच्या आरंभाचा शोध घेणारे धर्मगुरू : फादर जॉर्ज लमेत्र

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात महास्फोटाचा सिद्धांत शिकलेली मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात कधी ना कधी एक प्रश्न विचारतातच. विश्व परमेश्वराने निर्माण केले, की ते महास्फोटातून झाले? या प्रश्नापुढे काही पालक व धर्मशिक्षक गोंधळून जातात. काहीजण घाईघाईने उत्तर देतात की, महास्फोट म्हणजेच परमेश्वराने केलेली निर्मिती असून विज्ञानाने आता बायबलवर शिक्कामोर्तब केले आहे. हे दुसरे उत्तर भाविकांच्या कानाला गोड वाटते. परंतु हा सिद्धांत ज्यांनी प्रथम मांडला त्यांना ते मुळीच मान्य नव्हते. विशेष म्हणजे ते स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांचे नाव फादर जॉर्ज लमेत्र. भौतिकशास्त्र आणि गणित या दोन्ही क्षेत्रांत अग्रणी ठरलेल्या या धर्मगुरूंचे जीवन आपल्याला या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास साहाय्य करते.

बालपण आणि युद्धाची वर्षे

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधील शार्लरुआ या गावी झाला. हा परिसर कोळशाच्या खाणी आणि काचेचे कारखाने यांसाठी प्रसिद्ध होता. वडील जोझेफ यांचाही काचेचा कारखाना होता. आई मार्गरीत धर्मनिष्ठ होती. चार भावंडांत जॉर्ज थोरला. शार्लरुआ येथील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत त्याचे शिक्षण सुरू झाले. आपण धर्मगुरू व्हायचे आणि शास्त्रज्ञही व्हायचे, ही इच्छा त्याच्या मनात वयाच्या नवव्या वर्षीच रुजली होती. पुढे कारखान्याला आग लागली, कुटुंबावर आर्थिक संकट कोसळले आणि १९१० साली सर्वजण ब्रुसेल्स येथे राहायला गेले. मुलाने आधी शिक्षण पूर्ण करावे, असे वडिलांचे मत होते. घरची जबाबदारी ओळखून जॉर्जने १९११ साली लुव्हेन येथील कॅथलिक विद्यापीठात अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला.

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियमवर आक्रमण केले. त्याच महिन्यात लुव्हेन शहर आणि विद्यापीठाचे प्राचीन ग्रंथालय आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. वीस वर्षांचा जॉर्ज आपल्या भावासह स्वेच्छेने सैन्यात दाखल झाला. प्रथम पायदळात आणि नंतर तोफखान्यात त्याने युद्ध संपेपर्यंत सेवा केली. इझेर नदीच्या काठचा चिखल, खंदकातील मुक्काम आणि विषारी वायूचे हल्ले हे सर्व त्याने अनुभवले. त्याच्या शौर्याबद्दल बेल्जियम सरकारने त्याला युद्धपदक देऊन गौरवले.

त्या खंदकात त्याच्याजवळ दोन प्रकारची पुस्तके असत. एकीकडे फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वाँकारे यांचे भौतिकशास्त्रावरील ग्रंथ आणि दुसरीकडे बायबल. उत्पत्तीच्या ग्रंथाचा पहिला अध्याय तो पुन्हा पुन्हा वाचत असे. परमेश्वराने प्रथम प्रकाश निर्माण केला, या कथनाचा आधुनिक भौतिकशास्त्राशी मेळ घालता येईल का, हा विचार त्याला सतावू लागला. १९२१ साली त्याने या विषयावर एक निबंधही लिहिला. म्हणजे ज्या मोहापासून त्यांनी पुढे इतरांना सावध केले, तो मोह तारुण्यात त्यांना स्वतःलाही झाला होता.

गुरुदीक्षा आणि सापेक्षता सिद्धांत

युद्धावरून परतल्यावर जॉर्जने अभियांत्रिकी सोडली आणि तो गणित व भौतिकशास्त्राकडे वळला. १९२० साली प्रसिद्ध गणितज्ञ शार्ल द ला व्हाले-पुसें यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी त्याने मेखेलेन येथील सेमिनरीत प्रवेश घेतला. युद्धामुळे उशिरा पाचारण स्वीकारणाऱ्या तरुणांसाठी तेथे खास व्यवस्था करण्यात आली होती. मेखेलेनचे कार्डिनल मर्सिए हे स्वतः थोर तत्त्वज्ञ होते. या विद्यार्थ्याची कुवत त्यांनी ओळखली आणि ईशज्ञानाच्या अभ्यासाबरोबरच अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या नव्या सापेक्षता सिद्धांताचाही अभ्यास करण्याची मुभा त्याला दिली. २२ सप्टेंबर १९२३ रोजी कार्डिनल मर्सिए यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

फादर लमेत्र 'येशूचे मित्र' या धर्मप्रांतीय धर्मगुरूंच्या बंधुसंघाचे सभासद होते. साधी राहणी, दररोजचा प्रार्थनेचा निश्चित वेळ आणि दरवर्षी दहा दिवसांची मौन साधना हे या संघाचे नियम त्यांनी पाळले. पुढे जगभर कीर्ती पसरल्यावरही त्यांची मिस्सा आणि प्रार्थना चुकली नाही. लुव्हेनला शिकायला आलेल्या चिनी विद्यार्थ्यांचीही त्यांनी आस्थेने देखभाल केली.

गुरुदीक्षेनंतर लगेच ते शिष्यवृत्तीवर इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेले. तेथे सर आर्थर एडिंग्टन हे सापेक्षता सिद्धांताचे जाणकार त्यांना मार्गदर्शक म्हणून लाभले. पुढचे वर्ष त्यांनी अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत हार्लो शॅपली यांच्याकडे काढले आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत दुसऱ्या डॉक्टरेटसाठी नाव नोंदवले. अमेरिकेत त्या वेळी खगोलशास्त्राचे चित्र पालटत होते. आकाशातील ज्या अंधूक तेजोमेघांना आपण आपल्याच आकाशगंगेचा भाग समजत होतो, त्यांपैकी अनेक मेघ म्हणजे कोट्यवधी ताऱ्यांच्या स्वतंत्र दीर्घिका आहेत, हे एडविन हबल यांनी नुकतेच सिद्ध केले होते. व्हेस्टो स्लायफर या दुसऱ्या खगोलशास्त्रज्ञाच्या निरीक्षणांतून असे दिसले होते की, यांपैकी बहुतेकांच्या प्रकाशाचा वर्णपट तांबड्या रंगाकडे सरकलेला आहे. म्हणजेच त्या आपल्यापासून दूर चालल्या आहेत. या घडामोडी फादर लमेत्र यांनी जवळून पाहिल्या आणि १९२५ साली ते लुव्हेनला अध्यापनासाठी परतले.

१९२७ सालचा लेख

विश्व स्थिर आहे, ते जसे आहे तसेच अनादी काळापासून आहे, असा त्या काळी शास्त्रज्ञांचा सर्वसाधारण समज होता. आइन्स्टाइन यांनाही तो इतका स्वाभाविक वाटत होता की, १९१७ साली त्यांनी आपल्या समीकरणांत एक विश्वस्थिरांक मुद्दाम घातला. गुरुत्वाकर्षणामुळे विश्व आकसून जाऊ नये आणि ते स्थिर राहावे, हा त्यामागील हेतू होता. रशियन गणितज्ञ अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ साली दाखवले की, त्याच समीकरणांतून प्रसरण पावणारे विश्वही निघू शकते. परंतु त्यांचे काम केवळ गणिती होते, आकाशातील निरीक्षणांशी त्याची सांगड घातलेली नव्हती. फादर लमेत्र यांना या कामाची माहितीही नव्हती.

१९२७ साली ब्रुसेल्सच्या एका शास्त्रीय नियतकालिकात त्यांनी फ्रेंच भाषेत एक लेख प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी आइन्स्टाइन यांची समीकरणे स्वतंत्रपणे सोडवली आणि दीर्घिका दूर का जात आहेत याचे कारण दिले. दीर्घिका अवकाशातून धावत नाहीत, तर खुद्द अवकाशच ताणले जात आहे. नाताळचा केक भट्टीत फुगू लागला की त्यातील मनुके जागच्या जागी असूनही एकमेकांपासून दूर जातात. जो मनुका जितका लांब, तितका तो अधिक वेगाने दूर जाताना दिसतो. दीर्घिकांचेही तसेच आहे. उपलब्ध असलेली ४२ दीर्घिकांची माहिती वापरून त्यांनी या प्रसरणाचा वेगही काढला. सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षे अंतरामागे सेकंदाला ६२५ किलोमीटर, असे त्यांचे उत्तर होते. त्या काळी दीर्घिकांची अंतरे प्रत्यक्षाहून बरीच कमी समजली जात, त्यामुळे हा आकडा फार मोठा आला. आजच्या मापनानुसार तो ७० च्या आसपास आहे. तथापि प्रसरणाचा हा वेग सिद्धांत आणि निरीक्षण यांच्या आधारे काढणारे ते पहिले.

त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात भौतिकशास्त्रज्ञांच्या सॉल्व्हे परिषदेसाठी आइन्स्टाइन ब्रुसेल्सला आले, तेव्हा फादर लमेत्र त्यांना भेटले. आइन्स्टाइन यांनी गणित अचूक असल्याचे मान्य केले. परंतु विश्व प्रसरण पावते ही कल्पना त्यांनी कठोर शब्दांत नाकारली. फ्रीडमन यांच्या लेखाविषयी फादरांना प्रथम समजले ते याच भेटीत. काळा झगा घातलेल्या तेहेतीस वर्षांच्या या धर्मगुरूंनी वाद वाढवला नाही आणि आपले मतही सोडले नाही.

१९२९ साली हबल यांनी दीर्घिकांचे अंतर व वेग यांतील प्रमाण आपल्या निरीक्षणांच्या आधारे प्रसिद्ध केले आणि शास्त्रज्ञांचे या प्रश्नाकडे लक्ष गेले. फादर लमेत्र यांनी एडिंग्टन यांना आपल्या जुन्या लेखाची आठवण करून दिली. एडिंग्टन यांनी त्याचे महत्त्व जाणले आणि १९३१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे इंग्रजी भाषांतर छापून आले. परंतु प्रसरणाच्या वेगाचा हिशेब असलेला भाग या भाषांतरात नव्हता. परिणामी या शोधाचे श्रेय अनेक दशके एकट्या हबल यांना मिळत राहिले. कोणीतरी हेतुपुरस्सर तो भाग गाळला असावा, असा संशयही पुढे व्यक्त झाला. २०११ साली एक जुने पत्र उजेडात आले आणि खुलासा झाला. भाषांतर फादर लमेत्र यांनी स्वतःच केले होते. हबल यांची अधिक ताजी निरीक्षणे उपलब्ध झाल्यामुळे आपला जुना हिशेब पुन्हा छापण्यात अर्थ नाही, असे त्यांना वाटले होते. श्रेयासाठी त्यांनी कधी भांडण केले नाही. २०१८ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मतदान घेऊन या नियमाला हबल–लमेत्र नियम म्हणावे अशी शिफारस केली, तेव्हा त्यांच्या निधनाला बावन्न वर्षे झाली होती.

आदिअणू आणि खोडलेला परिच्छेद

विश्व प्रसरण पावत असेल, तर काळाच्या मागे मागे जाताना ते लहान लहान होत गेले पाहिजे. हा विचार शेवटापर्यंत नेण्याचे धाडस फादर लमेत्र यांनी केले. ९ मे १९३१ च्या 'नेचर' या साप्ताहिकात त्यांचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. विश्वातील सर्व ऊर्जा आरंभी एकाच कणात सामावलेली होती आणि त्याच्या विघटनातून आजचे विश्व साकारले, असे त्यांनी त्यात मांडले. त्या पहिल्या अवस्थेत अवकाश आणि काळ या कल्पनांनाही अर्थ नव्हता. कण विभागला गेल्यावरच त्यांना अर्थ आला. याच कल्पनेला त्यांनी पुढे आदिअणू असे नाव दिले आणि १९४६ साली या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आज ज्याला आपण महास्फोटाचा सिद्धांत म्हणतो, त्याची ही पहिली मांडणी.

या टिपणाचा टंकलिखित मसुदा जतन करण्यात आला आहे. त्याच्या शेवटी फादरांनी परमेश्वराविषयी एक छोटा परिच्छेद लिहिला होता. परमेश्वर स्वभावतःच गुप्त आहे आणि भौतिकशास्त्र निर्मितीवर जणू एक पडदाच टाकते, याचा श्रद्धावंतांना आनंदच वाटेल, अशा आशयाचा तो होता. छापायला देण्यापूर्वी त्यांनी तो स्वतःच्या हाताने खोडून टाकला. त्यांची श्रद्धा डळमळीत झाली होती म्हणून नव्हे. विज्ञानाच्या लेखाने विज्ञानाच्याच पुराव्यावर उभे राहावे, हा त्यांचा आग्रह होता.

ही खबरदारी किती योग्य होती, हे लवकरच दिसून आले. विश्वाला आरंभ आहे ही कल्पना अनेक शास्त्रज्ञांना रुचली नाही. हा सिद्धांत एका धर्मगुरूने मांडला आहे, तेव्हा बायबलमधील निर्मितीकथाच मागच्या दाराने विज्ञानात आणली जात असावी, असा संशय घेतला गेला. इंग्लंडमधील फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी १९४८ साली स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला. त्यानुसार विश्वाला आरंभ नाही आणि अंतही नाही. १९४९ साली बीबीसीवरील एका भाषणात हॉइल यांनी प्रतिपक्षाच्या सिद्धांताचा उल्लेख बिग बँग असा केला आणि तेच नाव रूढ झाले. कोल्हापूर येथे जन्मलेले आपले थोर शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर हे हॉइल यांचे शिष्य व सहकारी. महास्फोटाच्या सिद्धांतावरील त्यांचे आक्षेप मराठी वाचकांना त्यांच्या लेखनातून परिचयाचे आहेत. २०२५ साली पुणे येथे त्यांचे निधन झाले. या वादाचा निवाडा धर्मग्रंथाने नव्हे, तर पुराव्याने व्हायचा होता आणि यावर दोन्ही पक्षांचे एकमत होते.

पोप महोदयांचे भाषण

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीपुढे एक भाषण केले. फादर लमेत्र १९३६ पासून या अकादमीचे सदस्य होते. पोप महोदयांना विज्ञानाविषयी मनापासून आस्था होती. विश्वाला आरंभ असल्याचे नवे विज्ञान सांगते, याचा त्यांना आनंद झाला आणि परमेश्वराच्या निर्मितीच्या कार्याला विज्ञान जणू साक्ष देत आहे, अशा आशयाचे विवेचन त्यांनी केले. जगभरच्या वृत्तपत्रांत ते गाजले.

आपल्या सिद्धांताला खुद्द पोप महोदयांनी उचलून धरले, यात दुसऱ्या एखाद्याने धन्यता मानली असती. फादर लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. त्यांची चिंता दुहेरी होती. सिद्धांत अजून सिद्ध व्हायचा होता आणि विरोधकांच्या संशयाला आता खतपाणी मिळणार होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, परमेश्वरावरील श्रद्धा एखाद्या शास्त्रीय सिद्धांताच्या आधारावर उभी केली, तर उद्या तो सिद्धांत बदलल्यावर त्या श्रद्धेचे काय होणार? त्यांनी व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक फादर डॅनियल ओ'कॉनेल यांच्याशी विचारविनिमय केला आणि आपली भूमिका आदराने पण स्पष्टपणे वरिष्ठांपर्यंत पोहोचवली. सप्टेंबर १९५२ मध्ये रोम येथे जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले असता पोप महोदयांनी त्यांच्यापुढे भाषण केले. त्यात विश्वाच्या आरंभाचा निर्मितीशी संबंध जोडणारे विधान नव्हते. यापुढे त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. ख्रिस्तसभेशी पूर्णपणे एकनिष्ठ राहूनही सत्यासाठी नम्रपणे बोलता येते आणि अधिकारपदावरील व्यक्तीही ते ऐकून घेऊ शकते, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

फादर लमेत्र यांची ही भूमिका ख्रिस्तसभेच्या परंपरेला धरूनच होती. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच शिकवले होते की, विश्वाला काळात आरंभ आहे हे आपण श्रद्धेने मानतो, केवळ बुद्धीच्या बळावर ते सिद्ध करता येत नाही. विश्व अनादी असते, तरीही ते परमेश्वरावरच अवलंबून असते. निर्मिती म्हणजे फार पूर्वी एकदा घडून गेलेला स्फोट नव्हे. प्रत्येक क्षणी प्रत्येक वस्तूला अस्तित्वात राखणारे ते परमेश्वराचे कार्य आहे. भौतिकशास्त्र विश्वाची एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत होणारी वाटचाल सांगते. मुळात काहीतरी आहे ते का, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा आहे. बायबल तारणाचा मार्ग दाखवण्यासाठी आहे, त्यात विज्ञानाचे धडे शोधू नयेत, असे फादर लमेत्र सांगत. सत्याकडे नेणारे दोन मार्ग आहेत आणि आपण दोन्हींवरून चालायचे ठरवले, अशी त्यांची धारणा होती. यशया संदेष्ट्याने वर्णन केलेल्या गुप्त परमेश्वराची आठवण ते अशा वेळी करून देत.

अखेरची वर्षे

सिद्धांत मांडून ते थांबले नाहीत. मेक्सिकन शास्त्रज्ञ मॅन्युएल व्हाल्यार्ता यांच्याबरोबर त्यांनी वैश्विक किरणांवर मोलाचे संशोधन केले. विश्वस्थिरांक निरुपयोगी म्हणून आइन्स्टाइन यांनी सोडून दिला, तरी फादर लमेत्र यांनी त्याची बाजू घेतली आणि रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेशी त्याचा संबंध जोडला. विश्वाचे प्रसरण वेग घेत आहे असे १९९८ साली आढळून आले आणि हा स्थिरांक पुन्हा विज्ञानात परतला. आकडेमोडीची त्यांना विलक्षण आवड होती. १९५८ साली लुव्हेन विद्यापीठात पहिला संगणक आणण्यात त्यांचाच पुढाकार होता. साठीच्या उंबरठ्यापलीकडे गेलेल्या या प्राध्यापकांनी त्याची भाषा स्वतः शिकून घेतली. पियानो वाजवणे आणि मनमोकळे हसणे यांसाठीही विद्यार्थी त्यांना ओळखत.

१९३४ साली त्यांना बेल्जियमचा सर्वोच्च शास्त्रीय सन्मान, फ्रांकी पुरस्कार, मिळाला. त्यासाठी त्यांचे नाव सुचवणाऱ्यांमध्ये आइन्स्टाइन हेही होते. १९५३ साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने एडिंग्टन पदकाचे पहिले मानकरी म्हणून त्यांची निवड केली. १९६० साली पोप तेविसावे जॉन यांनी त्यांना विज्ञान अकादमीचे अध्यक्ष नेमले आणि मोन्सिन्योर ही पदवी दिली. हे अध्यक्षपद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले.

१९६४ साली अमेरिकेतील आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांच्या अँटेनाला आकाशाच्या सर्व दिशांनी येणारा एक मंद, अखंड आवाज सापडला. विश्वाच्या तप्त बालपणाची ती उरलेली ऊब होती. प्रसरणामुळे थंड होत होत ती आता उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचली आहे. आरंभाचा अवशेष वैश्विक किरणांत सापडेल अशी फादर लमेत्र यांची अपेक्षा होती. तो सापडला सूक्ष्मलहरींत. जून १९६६ मध्ये ते रक्ताच्या कर्करोगाने लुव्हेनच्या रुग्णालयात अंथरुणाला खिळलेले असताना त्यांचे सहकारी ओदों गोदार यांनी ही बातमी त्यांना सांगितली. आपल्या विचाराला मिळालेला हा पुरावा समजून घेऊन त्यांनी समाधान व्यक्त केले. त्यानंतर काही दिवसांतच, २० जून १९६६ रोजी, त्यांनी आपला आत्मा परमेश्वराच्या हाती सोपवला. शार्लरुआजवळील मार्सिनेल येथे त्यांच्या पार्थिवाला मूठमाती देण्यात आली.

आजच्या मापनानुसार विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. महास्फोटाच्या आधी काही होते का, या प्रश्नावर शास्त्रज्ञ आजही विचार करीत आहेत. उद्या त्याचे काही उत्तर मिळाले, तरी प्रेषितांचा विश्वासांगीकार उच्चारताना आपला आवाज कापण्याचे कारण नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनीही १९८८ साली व्हॅटिकन वेधशाळेच्या संचालकांना पाठवलेल्या पत्रात, महास्फोटासारख्या सिद्धांतांचा धर्मसमर्थनासाठी घाईने वापर करू नये, असा इशारा दिला होता.

म्हणून धर्मशिक्षणाच्या वर्गात एखाद्या मुलाने तो प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नये आणि सोपे उत्तर देऊन त्याची बोळवणही करू नये. विश्व कसे वाढत गेले याचा शोध एका धर्मगुरूंनी लावला, हे त्याला अवश्य सांगावे. त्याच धर्मगुरूंनी आपल्या लेखातील परमेश्वराविषयीचा परिच्छेद खोडला आणि मग ते नेहमीप्रमाणे मिस्सा अर्पण करीत राहिले, हेही सांगावे. असे मूल विज्ञान मन लावून शिकेल आणि प्रार्थनेसाठी गुडघे टेकताना त्याच्या मनात भय राहणार नाही.